पारडी बदलून पाहणारा माणूस

दुकानाचं दार त्या दुपारी अर्धंच उघडं होतं. पूर्ण उघडलं की वारा आत येतो आणि दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत ठेवलेला बारीक वजनांचा तराजू हलायला लागतो. म्हणून पंखाही बंद. आत उकडत होतं, पितळेचा आणि स्पिरिटचा वास भरून राहिला होता, आणि बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते.

गल्लीत त्याला सगळे काटेवाला म्हणत. वजनकाटे दुरुस्त करायचे, ते खरं बोलतात की नाही हे तपासायचं आणि तसा कागद सही करून द्यायचा, हे त्याचं तीस वर्षांचं काम. सोनार, औषधवाले, धान्याचे व्यापारी, दवाखाने, सगळीकडचे काटे त्याच्या हाताखालून गेलेले. माणूस सुका, उंच, जरासा पुढे वाकलेला. बोलणं मोजकं. बायको म्हणायची, यांच्या तोंडालाही कुणीतरी शिक्का मारून दिलाय. ज्या म्हाताऱ्याकडे तो काम शिकला, त्याने त्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. एक, वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं; बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. दुसरी, जो मोजतो त्यानेच सही करायची. त्यासाठी म्हाताऱ्याने त्याच्या बोटांवर किती फटके मारले, याचा हिशेब नाही.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्यासमोर त्याची एकुलती मुलगी बसली होती. पडद्यावर कॉलेजांची यादी. नावं अकरा, पण खरी दोनच. बाकीची नऊ जागा भरायला. तिला इंजिनिअरिंग फिजिक्स शिकायचं होतं आणि तिचे गुण असे होते की दोन्हीकडे जागा मिळणार हे नक्की. म्हणजे यादीत जे पहिलं असेल ते मिळणार, आणि मिळालं की घ्यावंच लागणार. संध्याकाळी पाचला यादी आपोआप बंद होणार होती. त्या क्षणी जी जतन केलेली असेल तीच शेवटची. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

हे इंजिनिअरिंग फिजिक्स म्हणजे काय, हे गल्लीला समजावता समजावता काटेवाला थकला होता. समोरचा इस्त्रीवाला विचारायचा, "म्हणजे नक्की काय होणार पोरगी? इंजिनिअर की मास्तरीण?" तो म्हणायचा, "माहीत नाही." खरं तर त्याला माहीत होतं. नव्या काट्यांच्या पोटात धातूचा एक तुकडा असतो. वजन ठेवलं की तो केसभरही नाही इतका वाकतो, आणि त्या वाकण्याचा आकडा होतो. असे शेकडो तुकडे त्याने बदलले होते. का वाकतो, वाकल्यावर वीज का बदलते, ते त्याला कधी कळलं नाही. मुलगी दहावीत असताना एकदा तो तुकडा हातात घेऊन म्हणाली होती, "बाबा, मला याच्या आत जायचंय." तेव्हापासून तो तुकडा त्याने खणात वेगळा ठेवला होता.

घरात तिला गुंज म्हणत, सोनाराचं ते इवलंसं वजन. त्यालाही कारण होतं. ती जन्मली तेव्हा तिचं वजन भरलं एक किलो सातशे. ज्या काट्यावर भरलं तो काटा त्यानेच दोन महिन्यांपूर्वी तपासून दिलेला. आकडा बघून तो नर्सला म्हणाला, "काटा चुकतोय."

"तुमचीच सही आहे की कागदावर," नर्स म्हणाली.

"मी सांगतो ना, चुकतोय."

तो कामावरून थेट आला होता, पेटी पिशवीतच होती. त्याने काटा उलटा करून स्क्रू काढले, तो सपाट बसलाय का हे बघायला पाणसळ ठेवली, प्रमाण वजनं एकेक करून चढवली. नर्स नवी होती, ती त्याच्या ठामपणाला बिचकून थांबली. काटा बरोबर निघाला. एका ग्रॅमचा फरक नव्हता. पण बाळ उबेच्या पेटीत जायला तेवढ्यात अर्धा तास उशीर झाला. बाळ निभावलं. डॉक्टर पुढे म्हणाले, अर्ध्या तासाने काही बिघडलं नाही. त्याने ते ऐकलं, पण मानलं नाही. आपल्याला आकडा नको होता म्हणून आपण काट्याला खोटं पाडायला निघालो, एवढंच त्याच्या मनात राहिलं. पुढे अठरा वर्षं त्याचा एकच नेम होता. आपलं मन ज्या बाजूला आहे, त्या बाजूवर आधी संशय घ्यायचा.

आणि आता त्याचं मन एका बाजूला होतं.

दोन्ही कॉलेजं बाप-लेक प्रत्यक्ष जाऊन पाहून आले होते. न तपासता तो कशालाच सही करत नसे. पहिलं, गाडीने अकरा तासांवरचं, मोठ्या घुमटाचं. नाव असं की उच्चारलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. ग्रंथालय एवढं मोठं की आत शिरल्यावर गुंज आपोआप पाय हळू टाकायला लागली. तिथून बाहेर पडलेली मुलं जगात कुठे कुठे होती, त्याचा नकाशाच भिंतीवर लावलेला. प्रयोगशाळेत एक महागडा तराजू होता. काटेवाल्याने सवयीने आधी पाणसळ पाहिली. बुडबुडा कडेला जाऊन बसला होता, म्हणजे तराजू तिरका. तपासणीचा कागद तीन वर्षांपूर्वीचा.

"हा कोण वापरतं?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या वर्षाची मुलं," बरोबरच्या बाई म्हणाल्या. "पहिल्या दोन वर्षांना आम्ही लांबून दाखवतो."

गुंजने बापाकडे पाहिलं. तो लगेच म्हणाला, "एका बुडबुड्यावरून कॉलेज ठरवू नये."

दुसरं कॉलेज घरापासून बसने चाळीस मिनिटांवर, कालव्याच्या काठी, एका जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत. तिथे दुसऱ्या वर्षाची मुलं स्वतःचा काटा स्वतः बनवत. तारांना डाख देताना बोट भाजलेल्या एका मुलीने आपल्या काट्यावर कागदाचा कपटा ठेवला, आकडा वाचला, मग त्याच कपट्यावर पेन्सिलीने सही केली आणि परत ठेवला. आकडा बदलला. शून्य टिकत नव्हतं, काटा थरथरत होता, पण सहीचं वजन दिसलं. काटेवाला बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभा राहिला. तीस वर्षं तो सह्या करत आला होता.

तिथले मुख्य सर सरळ माणूस होते. निघताना म्हणाले, "एक सांगून ठेवतो. लागोपाठ दोन वर्षं पंधरापेक्षा कमी मुलं आली तर ही शाखा बंद करणार आहेत. गेल्या वर्षी चौदा आली. यंदा कमी पडली तर आतल्यांना इलेक्ट्रॉनिक्सला वळवतील. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही."

परतीच्या बसमध्ये काटेवाल्याच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. चाळीस मिनिटं. म्हणजे पोर रोज संध्याकाळी घरी. ओट्याच्या त्या टोकाला बसून काय शिकली ते सांगेल. त्या तुकड्याच्या आत काय आहे ते शेवटी कळेल. आणि त्याच क्षणी तो दचकला, जसा पारड्याखाली चोरून चिकटवलेला मेणाचा गोळा सापडल्यावर माणूस दचकतो. त्या संध्याकाळपासून तो घुमटाच्या कॉलेजची बाजू मांडायला लागला. जेवताना, चहा पिताना, चपला घालताना. नाव मोठं आहे. मास्तर मोठे आहेत. शाखा बंद पडायची भीती नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त तो रोज ते बोलत होता.

त्यामुळे यादीत घुमटाचं कॉलेज पहिलं होतं. कालव्याचं दुसरं.

पावणेतीनला फोन वाजला. त्याची मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. तिने फोनवर कधी "हॅलो" म्हटल्याचं कुणाला आठवत नाही.

"केली का यादी बंद?"

"पाचपर्यंत वेळ आहे, ताई."

"वेळ आहे म्हणून काय शेवटच्या मिनिटापर्यंत बसायचं? त्या कॉलेजासाठी लोक देव पाण्यात घालून बसतात. घुमटाचं वर टाका आणि मोकळे व्हा."

"वरच आहे."

"मग अडलंय कुठे? तिला दे."

गुंजने फोन कानापासून जरा लांब धरला. "विचार करतेय, आत्या."

"अजून? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, बाई."

"माझ्याकडे दोन बैल आहेत, आत्या. तोच तर घोळ आहे."

"चिडवतेस मला? त्या गिरणीत चार वर्षं घालवशील आणि वर शाखा बंद पडली की येशील रडत. तेव्हा मी नाही डोळे पुसायची." फोन बंद झाला. गुंजने तो पालथा ठेवला आणि परत पडद्याकडे बघत बसली. तीन दिवस ती अशीच होती. ताटात घ्यायची, चिवडायची, उठायची.

चारला तिची आई आली. ती औषधांच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची. दारातच थांबून तिने दोघांकडे पाहिलं.

"काय हो, मौनव्रत धरलंय का दोघांनी? पंखा तरी लावा."

"नको. मोजणी चालू आहे."

"कसली मोजणी? सकाळी निघाले तेव्हाही हाच काटा पुसत होतात."

त्याने फडकं खाली ठेवलं. ती आतल्या खोलीकडे गेली आणि जाताना त्याला डोळ्यांनी बोलावून घेतलं. आत ती हलक्या आवाजात म्हणाली, "तिला पाठवताय की पळवून लावताय?"

"तिचं भलं बघतोय."

"तिच्या भल्यात तुमचं थोडं मिसळलं तर ते नासतं का?"

बाहेर येऊन त्याने पाहिलं, गुंज अजून तशीच, पाठ ताठ, बोटं टेबलाच्या कडेवर. चार वाजून दहा मिनिटं. एखादा काटा दुकानात आला आणि काही केल्या स्थिर होईना, तर तो जे करायचा तेच त्याच्या तोंडून निघालं.

"पारडी बदलून बघू."

ही त्याची जुनी रीत. तराजूच्या दांडीची एक बाजू दुसरीहून नखभर लांब असली तरी तो खोटं बोलतो, आणि ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून डाव्या पारड्यातलं उजव्यात, उजव्यातलं डाव्यात ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. फरक पडला, तर दोष वस्तूत नाही, दांडीत आहे.

"बाबा," गुंज म्हणाली, "प्रत्येक गोष्टीला तराजू लावू नका. उद्या माझं लग्नसुद्धा नवरा बदलून बघून कराल."

"तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता कालव्याचं वर घे आणि जतन कर. वीस मिनिटं तसंच राहू दे. जणू तेच ठरलंय. मग परत जसं होतं तसं करू."

तिने माउस हलवला. कालव्याचं कॉलेज वर गेलं. जतनचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, यादी जतन झाली. चार वाजून सोळा मिनिटं.

आईही बाहेर येऊन दाराशी बसली. बाहेर इस्त्रीवाल्याचा रेडिओ बोलत होता. काटेवाला चिमट्याने वजनं पेटीत लावत होता, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि सगळ्यात लहान, पापुद्र्याएवढं वजन त्याच्या चिमट्यातून दोनदा निसटलं. असं कधी होत नसे.

सात-आठ मिनिटं गेली असतील. गुंज म्हणाली, "आई, खायला काही आहे?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं, मग काही न बोलता आत गेली आणि पाव आणि दोन उकडलेली अंडी घेऊन आली. गुंजने दोन्ही अंडी खाल्ली. पाव खाल्ला. बोटं चाटली. ताटलीतलं मीठसुद्धा बोटाने टिपलं. पाठ खुर्चीला टेकवून बसली, तीन दिवसांत पहिल्यांदा.

काटेवाल्याने हे सगळं पाहिलं. काटा हलला होता. एवढा स्पष्ट की दुसरं कुणी असतं तर त्याने डोळे झाकून कागदावर सही केली असती. पण त्याच्या छातीत पुन्हा तेच झालं, बसमधलं. आनंद. आणि आनंदामागून ती नर्स, उलटा केलेला काटा, सुटे स्क्रू. मी हे बघतोय ते खरं आहे, की मला बघायचंय म्हणून दिसतंय? भूक काय, कुणालाही लागते. दुपार टळलीय.

चार वाजून चाळीस मिनिटांनी तो म्हणाला, "चल. परत फिरव."

"परत?"

"घुमटाचं वर घे."

"मग बदलून बघितलं कशाला?"

"तपासायला. तपासून झालं."

"काय निघालं?"

तो घुटमळला. "काही नाही निघालं. फिरव."

"बाबा, तुम्ही बघितलंत ना माझ्याकडे?"

"फिरव म्हणतो ना!"

आवाज चढला. आई आतून दारात आली. या दुकानात त्याचा आवाज कधी चढला नव्हता. गिऱ्हाईक भांडायला आलं तरी नाही. गुंजने ओढणीला हात पुसले, माउस धरला. त्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं. घुमटाचं कॉलेज सरकून वर गेलं, कालव्याचं खाली आलं.

तेवढ्यात फोन वाजला. ताई. आवाज तुटायला लागला, म्हणून तो दारात गेला. "हो, ताई. हो. वरच आहे. हो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं." ती बराच वेळ बोलत राहिली, वसतिगृहाबद्दल, पांघरुणांबद्दल, तिथल्या थंडीबद्दल. तो रस्त्याकडे बघत हो म्हणत राहिला. पांघरूण या शब्दापाशी तो हो म्हणायचं विसरला, मग जरा सावरला, कारण हे बरोबर होतं. जे आपल्याला दुखतंय तेच खरं असणार.

तो आत आला तेव्हा पाच वाजून एक मिनिट झालं होतं. पडदा आपोआप बदलला होता. वर कुलपाचं चित्र, खाली यादी.

एक: कालव्याचं कॉलेज. दोन: घुमटाचं.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे काय आहे?"

गुंजने माउसवरचा हात मांडीवर घेतला.

"हे चुकलंय. मी पाहिलं, तू वर घेतलंस. मी इथे उभा होतो. यंत्र चुकलंय हे." तो खण उघडून कागद शोधायला लागला. "मदतीचा नंबर कुठाय त्यांचा? मी बोलतो. आमची चूक नाही, यंत्राची चूक आहे, असं सांगतो. कार्यालय साडेपाचपर्यंत उघडं असेल. माझी चप्पल..."

"बाबा."

"थांब तू."

"बाबा, यंत्र बरोबर आहे. मी जतन दाबलंच नाही."

त्याचा हात खणात तसाच राहिला. त्याला ती अठरा वर्षांपूर्वीची खोली आठवली असेल, असं बायकोला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. तो हळूहळू स्टुलावर बसला.

"वर-खाली केलं, कारण तुम्ही मागे उभे होतात," गुंज म्हणाली. "मग तुम्ही दारात गेलात. पंधरा मिनिटं होती माझ्याकडे. पूर्ण पंधरा. मी बटणाकडे बघत बसले होते. चुकून नाही झालं हे."

"का?"

"पंधरा दिवस तुम्ही घुमटाच्या पारड्यावर अंगठा दाबून बसलायत. मला दिसत नाही का? काटेवाल्याची मुलगी आहे मी. तुमचा अंगठा वजा करून करूनच मोजत होते. पण अंगठा किती जड आहे तेच कळत नव्हतं. आज पारडी बदलली तेव्हा कळलं."

तो खाली बघत होता. दगडी ओट्यावर त्याच्या हातांचा घाम उमटला होता. "मला तू इथे हवी होतीस," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी. म्हणून दाबत होतो तो अंगठा. माझं मन इकडे होतं, म्हणून तिकडे."

"माहितीये."

"मग आता मी कसं समजू की हे बरोबर आहे? मला हवं होतं तेच झालं."

गुंजने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. तिला आधीच ठाऊक होतं.

"तुम्हाला हवं होतं ते नाही झालेलं, बाबा. मी घरून जाणार नाहीये. तिथली प्रयोगशाळा रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि शेवटची बस सातची. मी तिथल्या वसतिगृहात राहणार. महिन्यातून एक-दोनदा येईन."

चाळीस मिनिटांवरची ती संध्याकाळ, ओट्याचं ते टोक, तो तुकडा, सगळं त्याच्या पारड्यातून काढून घेतलं गेलं होतं. त्याने स्वतःला चाचपून पाहिलं. आनंद नव्हता. उरलं होतं ते फक्त तिचं होतं. पहिल्यांदाच त्याला त्या आकड्यावर विश्वास ठेवता आला, आणि विश्वास ठेवल्याबरोबर भीती वाटायला लागली.

"आणि पंधरा मुलं नाही आली तर?"

"तर शाखा बंद होईल," ती म्हणाली. "मलाही भीती वाटते."

"मी एक करू शकते," आई म्हणाली, "पंखा लावू शकते." आणि उत्तराची वाट न बघता तिने बटण दाबलं. काचेच्या पेटीचं दार नीट लागलेलं नव्हतं. आतला काटा थरथरायला लागला. एरवी काटेवाल्याने धावत जाऊन पंखा बंद केला असता. आज तो नुसता बघत राहिला.

फोन वाजला. पडद्यावर बहिणीचं नाव. तिघांनीही फोनकडे पाहिलं. तो वाजत राहिला.

"घ्या ना," बायको म्हणाली. "आता सांगायलाच हवं."

काटेवाल्याने फोन उचलला आणि मुलीसमोर धरला.

"मी? बाबा, ती मला फाडून खाईल."

"जो मोजतो त्यानेच सही करायची," तो म्हणाला.

गुंजने एकदा पडद्यावरच्या कुलपाकडे पाहिलं. मग फोन घेतला, खुर्चीत सरळ झाली, आणि घसा साफ करून म्हणाली, "आत्या, आधी खाली बस."